नऊ बसगाड्या, शून्य हात

"शून्य!" प्रबुद्ध ओरडला. "अजून शून्य! एक पण हात नाही आली!"

"हात आला," कस्तुरीनं खिडकीबाहेर बघत दुरुस्त केलं. "हात तो असतो. बस ती असते."

"आणि हात बसमध्ये असला तर?"

"तरी तोच, शहाण्या!"

दुमजली लाल बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेला नाक लावून कल्याणी, तिचा धाकटा भाऊ प्रबुद्ध आणि मैत्रीण कस्तुरी, अशी तिघं बसली होती. लंडनच्या एजवेअर स्टेशनहून निघून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत यायचं, हा ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीतला त्यांचा ठरलेला उद्योग. कल्याणीच्या मांडीवर हिशेबाची वही होती. खेळ सोपा होता. समोरून बस आली की तिचा ड्रायव्हर आपल्या ड्रायव्हरला हात करतो की नाही ते बघायचं, आणि केला की वहीत एक रेघ ओढायची. उन्हाळ्यातला विक्रम चौदा रेघांचा होता.

हा खेळ कल्याणीला तिच्या बाबांनी शिकवला होता. तिचे बाबा, जगदीश, याच मार्गावर अकरा वर्षं बस चालवत होते. "हे बघ बेटा," ते म्हणायचे, "ड्रायव्हरच्या मागं सत्तर माणसं असतात, पण केबिनमध्ये तो दिवसभर एकटाच. समोरच्यानं हात केला की चहाचा घोट घेतल्यासारखं वाटतं. ओळख असो-नसो, हात करायचाच!"

आणि आज नऊ बसगाड्या समोरून गेल्या होत्या. नऊच्या नऊ ड्रायव्हर स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून, समोर बघत निघून गेले होते. जणू सगळ्यांचं एकदम एकमेकांशी भांडण झालं होतं!

"संप असेल," कस्तुरी म्हणाली. कस्तुरी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आली होती आणि जगातल्या निम्म्या गोष्टींचं कारण संप असतं असं तिचं मत होतं.

"हात न करायचा संप? काहीतरीच!"

"मग थंडी असेल."

"काचेच्या आत कसली थंडी?" बारा वर्षांच्या कल्याणीनं वही मिटली. "खाली चला. डेस्मंड अंकलना विचारू."

आजची बस डेस्मंड अंकल चालवत होते. ते बाबांचे गॅरेजमधले, म्हणजे बस डेपोतले, जुने दोस्त. कल्याणीच्या आईनं डब्यातून पाठवलेली झुणका-भाकरी खाऊन डोळ्यांतून पाणी काढणारे आणि तरी पुन्हा मागणारे! शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरल्यावर पोरं त्यांच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिली.

"अंकल, आज कुणीच हात का करत नाही?" कल्याणीनं इंग्रजीत विचारलं.

डेस्मंड अंकलचा हसरा चेहरा एकदम उतरला. "तुझ्या बाबांनी सांगितलं नाही?"

"बाबा रजेवर आहेत. दहा दिवस झाले."

"रजेवर," अंकल हळूच म्हणाले. त्यांनी खिशातून एक चार घड्या घातलेला कागद काढला, थोडा विचार केला आणि तिच्या हातात दिला. कागद गॅरेजच्या नोटिस बोर्डवरचा होता. हॉली लेनमधल्या अपघातानंतर असं ठरलं आहे की, बस चालू असताना कोणीही दुसऱ्या ड्रायव्हरला किंवा गाडीवाल्याला हात करणार नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मोडेल त्याच्यावर कारवाई.

"कुणाचा अपघात?" कस्तुरीनं विचारलं.

अंकलनी केबिनचं दार अर्धं उघडलं. ते कल्याणीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "शुक्रवारी दहा वाजता सुनावणी आहे, बाळा. घरी जाऊन त्यांनाच विचार."

कल्याणीनं कागद वहीत ठेवला. रजेवरची माणसं दहा दिवस घरातले सगळे नळ घासत बसत नाहीत, हे तिच्या आधीच लक्षात यायला हवं होतं!

परतीच्या वाटेवर कुणी काही मोजलं नाही.

बाबा स्वयंपाकघरात होते. आई, भावना, हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती. कल्याणीनं नोटिशीचा कागद टेबलावर ठेवला. बाबांनी तो बघितला, हातातलं फडकं पिळून ठेवलं आणि खुर्ची ओढली.

"सांगणारच होतो," ते म्हणाले. "शुक्रवारनंतर."

मग त्यांनी सांगितलं. हॉली लेन म्हणजे चर्चमागची चढणीची अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एकच वाहन जाईल एवढी जागा. चारचा सुमार, ऊन अगदी डोळ्यांवर. समोरून एक काळी गाडी आली. बाबा थांबले. त्या गाडीनं दोनदा लाइट चमकवला.

"म्हणजे 'या, तुम्ही या,'" प्रबुद्ध म्हणाला. इतकं तर नऊ वर्षांच्या त्यालाही माहीत होतं.

"तेच. इथं सगळे तसंच करतात. म्हणून मी थँक्यूचा हात केला आणि बस पुढं घेतली. आणि तो पण पुढं आला! मी करकचून ब्रेक मारला. त्याचा आरसा तुटला, बसला ओरखडा आला. ते काही नाही. पण बसमध्ये एक आजी उठून उभ्या राहिल्या होत्या. पडल्या. मनगट मोडलं त्यांचं."

प्रबुद्धनं स्वतःचंच मनगट धरून बघितलं.

"पण चूक त्या गाडीवाल्याची!" कल्याणी उसळून म्हणाली. "त्यानंच बोलावलं ना?"

"तो म्हणतो, त्यानं वाट दिलीच नाही. मॅनेजर साहेबीणबाईंच्या कागदात लिहिलंय, त्याचे दिवे फक्त खाली केलेले होते, नेहमीसारखे. आणि कॅमेऱ्यात मी हात हलवताना दिसतोय." बाबांनी टेबलावरची न पडलेली धूळ पुसली. "त्यांनी लिहिलंय, ड्रायव्हर गंमत म्हणून हात हलवत होता आणि विचारल्यावर खोटं बोलला."

शेवटचे दोन शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारले की प्रबुद्धला ऐकूच आले नाहीत. कल्याणीला आले. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना 'मुसावादा वेरमणी' आलं की बाबांचा आवाज थोडा चढतो, हे तिला ठाऊक होतं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. नोकरीची भीती त्यांना होतीच. पण तिच्याहून मोठं काहीतरी त्या दोन शब्दांनी मोडलं होतं.

"मग पुरावा आणू या!" ती म्हणाली.

बाबा हसले. ते हसू तिला मुळीच आवडलं नाही.

मंगळवारी सकाळी तिघं हॉली लेनमध्ये हजर! कस्तुरीनं मोजपट्टी आणली होती, प्रबुद्धनं भिंग, आणि कल्याणीनं सगळ्यांसाठी सँडविचेस. साहसकथेत शोभावा असा थाट होता. पुढचे चार तास मात्र अगदीच शोभण्यासारखे नव्हते.

पहिल्या घराच्या दारावर कॅमेऱ्याची बेल होती. मालकीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी फोन काढूनही बघितला. पण कॅमेरा फक्त दाराच्या पायरीपुरता दाखवत होता. दुसऱ्या घरातल्या माणसानं दार उघडलं, तिघांकडे बघितलं आणि काही न ऐकता लावून टाकलं. कोपऱ्यावरच्या दुकानात रस्त्याकडे तोंड करून कॅमेरा होता.

"सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं," दुकानदार म्हणाला. "तीन दिवस आधी आला असतात तर..."

"तीन दिवस आधी आम्हाला माहीतच नव्हतं!" प्रबुद्ध रडवेला झाला.

"बाळा, जगात सगळ्यांचं असंच असतं," दुकानदार म्हणाला आणि त्यानं तिघांना एकेक चॉकलेट दिलं. चॉकलेट गोड होतं, पण पुरावा म्हणून काही कामाचं नव्हतं.

पाय ओढत ती परत निघाली. तेवढ्यात कुंपणाखाली वाकलेला प्रबुद्ध ओरडला, "सापडली! आरसा सापडली!"

या वेळी कस्तुरीनं दुरुस्त केलं नाही.

काळ्या प्लॅस्टिकचं कवच होतं ते, गाडीच्या बाजूच्या आरशाचं. काच केव्हाच गेली होती. पण कवचाच्या बुडाशी काळा दोरा गुंडाळलेला होता आणि त्या दोऱ्यात खसखशीच्या दाण्याएवढे डोळे असलेली इवलीशी काळी बाहुली लोंबत होती.

"नजर लागू नये म्हणून बांधतात तसं!" कल्याणी किंचाळली. "म्हणजे गाडीवाला आपल्याकडचाच कुणीतरी! कस्तुरी, अगं, इंग्रज माणूस कशाला आरशाला बाहुली बांधेल? आता एजवेअरमधल्या सगळ्या काळ्या गाड्या... कस्तुरी?"

कस्तुरी ते कवच हातात धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. "पोटात दुखतंय." आणि खरंच निघून गेली. पळतच!

बुधवारी तिनं फोन उचलला नाही. कल्याणीनं सहा वेळा केला. प्रबुद्धनं काळ्या गाड्यांची यादी करायला घेतली आणि एकशे चाळीसावर पोचल्यावर रडून सोडून दिली. बाबांनी शुक्रवारसाठी गणवेशाचा शर्ट दुसऱ्यांदा इस्त्री केला.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात कस्तुरी.

"ती बाहुली माझ्या आजीनं बांधली होती," ती एका दमात म्हणाली. "सुमनआजी जूनमध्ये आली होती ना, तेव्हा. गाडी माझ्या बाबांची आहे. आरसा तुटला हे मला माहीत होतं, पण ते म्हणाले, कुणीतरी घासून गेलं."

जे बोलू नये तेच कल्याणीच्या तोंडून बाहेर पडलं. "म्हणजे तुझे बाबा खोटं बोलले!"

"माझे बाबा खोटं बोलत नाहीत!"

"मग काय माझे बोलतात?"

"मी असं म्हटलं का?"

"दोघांपैकी एक तर बोलतोच ना!"

दोघी नाकाला नाक भिडवून उभ्या होत्या. मग दोघीही एकदमच रडायला लागल्या. प्रबुद्धनं हे बघून शहाणपणानं टिश्यूचा खोका आणून मध्ये ठेवला.

"तू घरी चल," कस्तुरी नाक पुसत म्हणाली. "तूच विचार त्यांना. मला नाही जमलं. कालपासून तीनदा तोंड उघडलं नि मिटलं."

कस्तुरीचे बाबा, अवधूतकाका, सॉफ्टवेअरमधले. घरूनच काम करत. हेडफोन गळ्यात, हातात कॉफी, स्वभावानं अगदी भला माणूस. त्यांना बघून कल्याणीला प्रश्न विचारवेना. तिनं दोनदा घसा खाकरला आणि शेवटी विचारलं ते एवढंच, "काका, आम्हाला घरी सोडाल का?"

"का नाही? चला! मलाही जरा हवा लागेल."

गाडीला नवाकोरा आरसा होता. शाळेमागच्या अरुंद रस्त्यावर वळले तेव्हा समोरून एक पांढरी व्हॅन येत होती. काकांनी पटकन दोनदा लाइट चमकवला आणि गाडी दामटली. व्हॅनवाल्यानं हात वर केला आणि तोही आला! कचकन ब्रेक. दोन्ही गाड्या वीतभर अंतरावर थांबल्या.

"बघितलंत?" काका चिडून म्हणाले. "दोनदा डिपर दिला, तरी घुसतो! वर हात दाखवतो! दोन वर्षं झाली, या लोकांचं मला काही कळलेलं नाही. परवा त्या बसवाल्यानं पण हेच केलं!"

"डिपर म्हणजे काय?" मागून प्रबुद्धनं विचारलं.

"अरे, डिपर माहीत नाही? लाइट चमकवायचा. म्हणजे 'थांब रे बाबा, मी येतोय, मध्ये येऊ नकोस!'"

"नाही!" प्रबुद्ध म्हणाला. "त्याचा मीनिंग 'या, तुम्ही या'!"

व्हॅनवाला मागं सरकून वाट देत होता, तरी काका जागचे हलले नाहीत.

कल्याणीच्या डोक्यात मात्र एकदम लख्ख उजेड पडला. "काका! तुम्ही बसच्या ऑफिसला काय लिहून दिलं होतं? अगदी तसंच्या तसं सांगा!"

"इंग्रजीत लिहिलं होतं. 'मी दोन वेळा डिपर दिला, तरी ड्रायव्हर थांबला नाही, मला हात दाखवला.'"

"डिपर हाच शब्द?"

"हो. का?"

"कारण इंग्रजांना डिपर माहीतच नाही! त्यांच्याकडे दिवे 'डिप' करणं म्हणजे खाली करणं! त्या बाईंनी वाचलं, दिवे खाली केलेले होते! कुणीच खोटं बोललं नाही! काका, तो बसवाला... ते माझे बाबा आहेत."

अवधूतकाकांनी गाडी कडेला घेतली.

"म्हणजे दोन वर्षं," ते पुटपुटले, "मी सगळ्यांना या म्हणत होतो, आणि ते आले की शिव्या देत होतो."

"बाबा, उद्या दहा वाजता सुनावणी आहे," कस्तुरी म्हणाली. "तुम्ही येऊन सांगाल ना?"

काकांनी कपाळावरून हात फिरवला. त्यांच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात पडून होता. एकदा लिहून दिलं ते दिलं. आता पुन्हा जाऊन आपलंच चुकलं म्हणायचं, नवीन कागद, नवीन सही, त्यातून उद्या काय निघेल कोण जाणे. हे सगळं ते बोलले नाहीत. कस्तुरीनं नंतर सांगितलं. ते म्हणाले फक्त, "बघू."

आता मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही मुलाला 'बघू'चा अर्थ शिकवावा लागत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रबुद्धलासुद्धा नाही.

बाबांना सगळं सांगितल्यावर ते आधी थक्क झाले. "मराठी होता तो? अगं, आम्ही पंधरा मिनिटं भांडलो रस्त्यात, इंग्रजीत! मला वाटलं तिकडचा दक्षिणेकडचा कुणी असेल." मग त्यांनी मान हलवली. "मी पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र बघा म्हणून दोनदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, गरज नाही. आता मुलांच्या तोंडून कोण ऐकणार?"

"आम्ही ऐकवू!" कल्याणी म्हणाली. म्हणताना तिला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

शुक्रवारी पावणेदहाला आई, बाबा आणि दोन्ही मुलं गॅरेजच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. बाबांचा शर्ट इतका कडक होता की ते वाकले तरी तो वाकत नव्हता. बरोबर दहाला मिसेस व्हिटलॉक, म्हणजे बाबांच्या मॅनेजर, फाइल घेऊन आल्या.

कल्याणी ताडकन उठली. "मिसेस व्हिटलॉक, डिपर म्हणजे दिवे खाली करणं नाही! भारतात डिपर म्हणजे फ्लॅश करणं!"

"मुलांना आत येता येणार नाही," बाई म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता, नुसता घाईत होता.

"पण तुम्ही पुढची कॅमेरा बघितली का?" प्रबुद्धनं दाराच्या फटीत बूट घालून विचारलं. "बसवर समोर बघणारी कॅमेरा असते! डेस्मंड अंकल म्हणाले! त्यात फ्लॅश दिसते! ती का नाही बघितली?"

मिसेस व्हिटलॉक थबकल्या. त्यांनी फाइल उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. "तक्रार हात हलवल्याची होती," त्या म्हणाल्या. "म्हणून आम्ही आतला कॅमेरा बघितला."

"आणि मीच गाडीवाला आहे," मागून आवाज आला. "डिपर देणारा!"

जिन्यात अवधूतकाका उभे होते. धापा टाकत, शर्टाचं एक बटण चुकलेलं. त्यांच्यामागं कस्तुरी. तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहऱ्यावर पानिपत जिंकून आल्याचा भाव होता.

दोघे बाबा समोरासमोर आले. दोन आठवड्यांपूर्वी हॉली लेनमध्ये दोघांनी एकमेकांना इंग्रजीत नको नको ते म्हटलं होतं.

"नमस्कार," अवधूतकाका मराठीत म्हणाले. "मी तुम्हाला आंधळा म्हणालो होतो."

"जय भीम," बाबा म्हणाले. "मी पण काही कमी बोललो नव्हतो."

ते आत गेले. दार लागलं. कल्याणीनं वहीच्या कोऱ्या पानावर मिनिटांच्या रेघा ओढल्या. एक्केचाळीस झाल्या तेव्हा दार उघडलं.

मिसेस व्हिटलॉक सगळ्यांच्या पुढं होत्या. त्यांनी वाकून कल्याणी, कस्तुरी आणि प्रबुद्ध तिघांशी हस्तांदोलन केलं. "पुढच्या कॅमेऱ्यात दोन फ्लॅश स्वच्छ दिसतात. जे आम्ही करायला हवं होतं ते तुम्ही केलंत. फार हुशार मुलं आहात! मी तुमच्या बाबांची माफी मागितली आहे. ते खोटं बोलले हा शेरा फाइलमधून काढला."

"हुर्रे!" प्रबुद्धनं उडी मारली. कल्याणीनं बाबांकडे बघितलं. बाबा हसत होते, पण ते परवाचंच हसू होतं.

"आणि बस?" तिनं विचारलं. "सोमवारपासून?"

मिसेस व्हिटलॉक फाइल चाळायला लागल्या, म्हणून बाबांनीच उत्तर दिलं. "नियमांचं पुस्तक आहे ना, बेटा, ज्याच्यावर लायसन्सची परीक्षा देतात. त्यात लिहिलंय, लाइट चमकवणं म्हणजे फक्त 'मी इथं आहे.' कुणी चमकवला म्हणजे आपल्याला बोलावलं असं कधीही समजू नये."

"पण सगळे तसंच समजतात!"

"समजतात. पुस्तकात नाही. पुस्तकाप्रमाणे तुझ्या काकांचा डिपर माझ्यापेक्षा बरोबर होता." बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "त्या आजींचं मनगट मोडलं, कल्याणी. मी खात्री न करता पुढं गेलो. हे खोटं नाही."

म्हणजे बस गेली, नोकरी गेली. अकरा वर्षांची. हात न करण्याची नोटीसही तशीच राहणार होती. मिसेस व्हिटलॉक म्हणाल्या की तो निर्णय वरचा आहे.

अवधूतकाका जिन्यात मान खाली घालून उभे होते. "माझ्यामुळं..." ते म्हणायला लागले.

"तुम्ही आलात," बाबा म्हणाले. "बघू म्हणूनही आलात! असा मराठी माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर कुणीतरी उठून सगळी हकिकत सांगितली. टाळ्या झाल्या. "पोरांनी नाव काढलं!" म्हणत मोठ्या माणसांनी पाठी थोपटल्या. आईचे डोळे भरून आले. कल्याणी सगळ्यांना थँक्यू म्हणत राहिली आणि तिला आतून एवढंच वाटत होतं, की या टाळ्या कितीही वाजवल्या तरी उद्या सकाळी बाबांना कुठं जायचं नाही.

आई तिथूनच हॉस्पिटलला गेली. उरलेले बसनं परत निघाले. अवधूतकाकांनी कस्तुरीलाही त्यांच्याबरोबर पाठवलं होतं. वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेपाशी, बाबा पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसले. प्रत्येक स्टॉप जवळ आला की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. त्यांचं त्यांना कळत नव्हतं. कल्याणीला दिसत होतं, म्हणून तिनं दुसरीकडे बघितलं.

सवयीनं तिनं वही उघडली. पहिली बस गेली. हात नाही. दुसरी, तिसरी. सहावी. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. नऊ झाल्या.

"ठेव ती वही," बाबा म्हणाले. "नोटीस आहे त्यांना. पोटापाण्याचा प्रश्न असतो."

दहावी बस सिग्नलपलीकडून आली. काचेमागचे डेस्मंड अंकल तिनं लांबूनच ओळखले. ते आपल्या समोरच्या ड्रायव्हरकडे बघतच नव्हते. मान मागं टाकून ते वर बघत होते. वरच्या मजल्याकडे. पुढच्या काचेकडे. बस अगदी जवळ आली आणि त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलला. चांगला डोक्याच्या वर नेला!

"हात आली!" प्रबुद्ध किंचाळला. "बाबा, हात आली!"

कस्तुरीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी त्या हातांकडे बघितलं. मग उजवा हात वर गेला, सावकाश. तोवर डेस्मंड अंकलची बस निघूनही गेली होती आणि समोर नुसता मोकळा रस्ता होता.

"दिसला असेल का त्यांना?" कल्याणीनं विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.

पण हात त्यांनी खाली घेतला नाही. पुढचा स्टॉप येईपर्यंत तसाच ठेवला. कल्याणीनं वहीत एक रेघ ओढली, थोडा विचार केला, आणि तिच्याशेजारी दुसरी ओढली.